ऐकणारा मांडवात पाहिजे

भाषण करणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कनेरगाव नाक्यावर माझं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो, निवडणुकीची सभा असो की कुणाची तेरवी, माईक माझा असतो आणि माईक जाईल तिथं मला जावं लागतं. त्यामुळं आमच्या पट्ट्यात जेवढी भाषणं झाली तेवढी सगळी या ओमप्रकाशच्या कानावरून गेलेली आहेत. त्याचे पैसे मिळतात म्हणून सहन केली, नाहीतर कधीच दुकान विकून शेळ्या घेतल्या असत्या.

भाषणवाल्यांचे नमुने मला पाठ आहेत. एक असतो तो उभा राहिला की म्हणतो, "एका थोर विचारवंतानं म्हटलंच आहे." कोणता विचारवंत, कुठं राहायचा, कुणाला म्हणाला, काही पत्ता नाही. दुसरा त्याच्यापेक्षा हुशार. त्याच्याजवळ मोजकीच वाक्यं असतात, पण ती तो या जयंतीला एकाच्या नावावर खपवतो आणि त्या पुण्यतिथीला दुसऱ्याच्या. मी साउंडच्या मशीनजवळ बसून ऐकतो. तिसरा मोबाईलमध्ये बघून शेर वाचतो आणि मधेच कुणाचा तरी फोन आला की शेराचं शेपूट तसंच लोंबकळत राहतं. आणि चौथा सगळ्यांत वाईट. तो वाक्य सांगतो आणि मग त्याचा अर्थ सांगत बसतो. तिकडं भात गार होऊन जातो.

या सगळ्यांत संतराम अण्णा एकटे वेगळे होते. अण्णा गेल्या हिवाळ्यात गेले. तेव्हापासून मांडव टाकताना मला सारखी त्यांची आठवण येते. खांब रोवून झाले, कनाती बांधून झाल्या, माईक उभा केला, की माझी नजर आपोआप रस्त्याकडं जाते. वाटतं, आता अण्णा येतील, धोतराचा सोगा सावरत पुढं होतील आणि म्हणतील, "ओमा, आवाज जरा कमी कर."

हे वाक्य दुसऱ्या कुणीच मला कधी म्हटलं नाही. बाकीचे सगळे आवाज वाढवा म्हणतात.

अण्णा नाक्यापासून आत असलेल्या गावचे. शेतकरी माणूस. सोयाबीन, तूर, थोडी हळद. शिक्षण नववीपर्यंत. शाळेत असताना एकदा वक्तृत्व स्पर्धेत त्यांना पितळी पेला मिळाला होता, आणि गावानं त्या पेल्यावरून त्यांना जन्मभराचा वक्ता करून टाकलं. कुणी गेलं की घरचे पहिल्यांदा कीर्तनकाराकडं जायचे आणि दुसऱ्यांदा अण्णांकडं. आमच्या भागात तेरवीला कीर्तन झालं की जेवणाआधी श्रद्धांजलीची भाषणं असतात. त्याशिवाय पंगत बसत नाही.

तरुणपणी अण्णाही बाकीच्यांसारखेच होते, हे मी लपवणार नाही. त्यांच्या घरी भिंतीवर रोजचं पान फाडायचं कॅलेंडर असायचं, त्यावर सुविचार छापलेला असायचा. ती पानं अण्णा वैरणीच्या खोलीत एका खिळ्याला टोचून ठेवायचे आणि भाषणाच्या दिवशी त्यातली चार खिशात घालून यायचे. तेव्हा माझे वडील धंदा बघायचे, मी नुकताच हाताशी लागलो होतो. लिंबाच्या झाडाला दोन भोंगे बांधायचे, बॅटरीवर मशीन चालायचं, आणि अण्णा खड्या आवाजात आयुष्य, कर्म, दिवा, वात, समुद्र असं सगळं सांगायचे. समुद्र आमच्यापैकी कुणीही पाहिला नव्हता, तरी लोक माना डोलवायचे.

मग नागोराव गिरणीवाल्याची तेरवी आली.

नागोरावची पिठाची गिरणी होती. अण्णा उभे राहिले, खिशातलं पान त्यांनी पाठच केलं होतं, आणि म्हणाले, "नागोराव नेहमी म्हणायचे, कर्म हेच जीवन आणि विश्रांती हेच मरण." लोकांनी नेहमीप्रमाणं मान डोलवली. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला.

"संतरामभाऊ, असं ते कवा म्हनले?"

त्या द्वारकाबाई होत्या, नागोरावची बायको. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले, पण आवाज एकदम बराबर.

"माझ्याम्होरं तर कवाच न्हाई म्हनले. तुमच्याम्होरं म्हनले का?"

दुसरा एखादा असता तर रागावला असता नाहीतर खोकला काढून पुढं गेला असता. अण्णा माईक हातात धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "न्हाई, वैनी. माझ्याम्होरंबी न्हाई. मंग काय म्हनायचे ते?"

द्वारकाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "गिरनीवरून घरी आले की म्हनायचे, द्वारके, मोठ्यानं बोल. कानात अजून गिरनी चालूच हाय."

आधी सगळे हसले. कारण नागोरावशी मोठ्यानं न बोललेला माणूस त्या मांडवात नव्हता. दळण टाकताना प्रत्येकानं त्याच्या कानाशी जाऊन ओरडलेलं होतं. मग हसता हसता एकेकजण डोळ्यांना उपरणं लावू लागला, आणि मला आठवतं, माझे वडील मशीनवर हात ठेवून रडत होते. अण्णांनी तेच वाक्य माईकवरून पुन्हा एकदा सांगितलं, "मोठ्यानं बोल, कानात अजून गिरनी चालूच हाय," आणि खाली बसले. एक शब्द जास्त नाही. घरी गेल्यावर त्यांनी कॅलेंडरची ती सगळी पानं चुलीत घातली, असं त्यांच्या घरचे सांगतात.

तिथून अण्णांची रीत बदलली. कुणी गेलं की तेरवीपर्यंतच्या दिवसांत ते वाक्य शोधायला निघायचे. "वाक्य शोधायला" हे त्यांचेच शब्द. न्हाव्याकडं जायचे, किराणा दुकानात जायचे, शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन बसायचे, आणि विचारायचे, "तो तुमाला काय म्हनायचा?" लोक आधी मोठं काहीतरी सांगायचे. फार दयाळू होते, देवमाणूस होते. अण्णा म्हणायचे, "ते राहू द्या. म्हनायचे काय?" आणि वाक्य सापडलं की ते जसंच्या तसं घ्यायचे. बोलणारा तोतरा असेल तर तोतरं. शिवी असेल तर शिवीची जागा मोकळी ठेवायचे, लोक मनात भरून घ्यायचे.

कुरुंद्याला त्यांच्या नात्यातली एक म्हातारी वारली. तिचं घर अगदी रस्त्यावर, हळदीचे ट्रॅक्टर समोरून जायचे. ती ओट्यावर बसून प्रत्येकाला म्हणायची, "हळू जाय रे, लेकरू झोपलंय." अण्णांनी तेरवीला तेवढंच सांगितलं. आजही तिथं ट्रॅक्टरवाले वेग कमी करतात. ते झोपलेलं लेकरू आता नांदेडला नोकरीला आहे, त्याला स्वतःला दोन पोरं आहेत.

पुसेगावापासून लोक न्यायला यायचे. अण्णा यायचे-जायचे भाडंसुद्धा घ्यायचे नाहीत, पण एक अट ठेवायचे. ज्याचं वाक्य सांगायचं त्याच्या तोंडून ते ऐकलेला एक तरी माणूस मांडवात बसलेला पाहिजे. मी एकदा विचारलं, "अण्णा, एवढी कडक अट कशाला? कोण पुरावा मागतंय?" तर म्हणाले, "ओमा, वाक्य माझं न्हाई, दुसऱ्याचं हाय. उसनं आनलेलं भांडं हाय ते. ज्याचं हाय त्याच्या घरच्याला वळखू आलं पायजे."

आणि वाक्य सांगण्याआधी ते थांबायचे, सांगून झाल्यावरही थांबायचे. अर्थ सांगायचे नाहीत. मी हे वर्षानुवर्षं मशीनजवळ बसून पाहिलं. त्या थांबण्यात लोक काय करतात ते बघायला मला फार आवडायचं. कुणी मातीत रेघोट्या ओढायचं, कुणी वर कापडाकडं बघायचं. प्रत्येकाला मेलेला माणूस त्या आवाजात ऐकू यायचा.

आता लालसिंगचं सांगतो. खरं म्हणजे त्याच्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

लालसिंग नाक्यापलीकडच्या तांड्यावरचा. त्याचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलुखभर फिरायचे म्हणे. हा मात्र आपली कोरडवाहू जमीन सोडून कुठं गेला नाही. अण्णांची आणि त्याची पेरणीची सावड होती. आज याचे बैल त्याच्या शेतात, उद्या त्याचे याच्या. दोघं दिवसभर एका तिफणीमागं असायचे, पण लालसिंग बोलायचा नाही. बोलण्यात त्याच्यासारखा कंजूस माणूस मी पाहिला नाही. बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर तासभर बसायचा आणि एवढ्या वेळात एखादं वाक्य खर्च करायचा.

त्याला एक मुलगा, कुलदीप, आणि एक मुलगी, निता. निता हुशार. वाशिमला नर्सिंग शिकली, तिथंच दवाखान्यात लागली आणि तिथल्याच एका पोराशी आपल्या मनानं लग्न केलं. पोरगा तांड्याबाहेरचा, दुसऱ्या समाजाचा. लालसिंगनं आरडाओरडा केला नाही. कुणाला मारायला धावला नाही. त्यानं फक्त तिचं नाव घेणं बंद केलं. घरात दुसऱ्या कुणी घेतलं तर उठून बाहेर जायचा. वर्षं गेली. निताला मुलगी झाली, कुलदीप चोरून फोन करायचा, आई रूपाबाई कधी लेकीशी बोलून घ्यायची. बाप-लेकीची भेट मात्र झाली नाही, आणि एका सकाळी लालसिंग गोठ्यातच गेला.

निता मातीला आली होती. लांब उभी राहिली आणि निघून गेली. मग तेरवी जवळ आल्यावर एका दुपारी ती नाक्यावर उतरली आणि थेट माझ्या दुकानात आली. अण्णा आणि कुलदीप तिथंच होते. मांडव केवढा टाकायचा हे ठरवत होतो.

"अण्णा, तुमी तेरवीला बोलनार ना?"

"बोलनार, बाई. बस."

ती बसली नाही. "बा माझ्याबद्दल काही बोलले होते का? शेवटाला? न्हाईतर मधी कवा? तुमच्याजवळ, कुनाजवळबी?"

अण्णांनी तिच्यापुढं खुर्ची सरकवली.

"शिवी दिली असंल तरी सांगा. मला चालंल. पन काहीतरी बोलले का, येवढंच मला पायजे." आणि मग ती एकदम रडायला लागली. तोंडावर रुमाल दाबून, दुकानात गिऱ्हाईक आहे याचं भान ठेवून. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईचं रडणंही शिस्तीचं असतं. मला फार वाईट वाटलं.

अण्णा म्हणाले, "माझ्याजवळ न्हाई बोलला. खोटं कशाला सांगू. पन मी इचारतो लोकाईला. शोधतो."

ती गेली आणि अण्णा शोधायला निघाले. रूपाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी नाव काढलं की चप्पल घालायचे." न्हावी म्हणाला, तो फक्त वस्तऱ्याबद्दल कुरकुर करायचा. बैलबाजारातल्या सोबत्यांना विचारलं, किराणावाल्याला विचारलं, तांड्याच्या नायकाला विचारलं. पावसाचं, बैलाचं, गुडघ्याचं, सगळ्याचं वाक्य मिळालं, निताचं मिळालं नाही. तेरवीच्या आदल्या दिवशी अण्णा माझ्या दुकानासमोर येऊन बाकड्यावर बसले तेव्हा पहिल्यांदाच ते मला म्हातारे वाटले.

कुलदीप पाणी घेऊन आला. तांब्या अण्णांच्या हातात देत म्हणाला, "अण्णा, एखादं वाक्य बनवून सांगा ना. म्हना की बा म्हनले होते, माझी निता सुखात राहो. कोन तपासनार हाय?"

"नागोरावच्या येळंला मीबी असंच समजलो होतो."

"पन तिच्या जिवाला बरं वाटंल."

"वाटंल की. गाडीत बसेपर्यंत वाटंल. मंग खिडकीपाशी बसून ती इचार करंल, बा असं कवा बोलत होता? लालसिंग आनि 'सुखात राहो'! अरे, तुझ्या बापाच्या तोंडात ह्यो शब्द बसतो तरी का?"

कुलदीपला हसू आलं आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. "न्हाई बसत," म्हणाला आणि तांड्याकडं निघून गेला.

मी कनातीच्या दोऱ्या मोकळ्या करत होतो. अण्णा म्हणाले, "ओमा, तुला इचारायचं राहिलंच की. हितंच बसायचा तो. तुला काय म्हनायचा?"

खरं सांगतो, मला कटकट झाली. दुसऱ्या दिवशीचा मांडव, माणसं आलेली नाहीत, आणि यांचं चाललंय वाक्य. मी म्हणालो, "काय म्हणणार, अण्णा? तो माणूस बोलायचा कुठं? यायचा, बसायचा, गाडी विचारायचा, जायचा."

"कोन्ती गाडी?"

"वाशिमची. दर बाजाराला तेच. जायचं तर नसायचं कुठं. मी म्हणायचो, दादा, जायचं नाही तर कशाला विचारता?"

अण्णांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "वाशिमला जानारी का वाशिमवरून येनारी?"

माझा हात दोरीवरच राहिला. एवढी वर्षं त्या माणसाला मी उत्तर दिलं होतं आणि हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता.

"येणारी," मी म्हणालो.

"आली की काय करायचा?"

"उठून रस्त्यापर्यंत जायचा. सगळे उतरेपर्यंत उभा राहायचा. गाडी हलली की परत यायचा, पिशवी उचलायचा आणि तांड्याकडं चालू लागायचा."

"इचारायचा कसा? त्याच्याच शब्दांत सांग. तू मधी घालू नकोस काही."

मी सांगितलं. अण्णांनी माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मग उठले आणि गावाकडं गेले.

तेरवीला तांड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कीर्तन झालं. मग भाषणं. तालुक्याहून आलेले एक पुढारी मृत्यूवर बोलले, थोर विचारवंत येऊन गेले, समुद्र येऊन गेला. चुलाणावर लापशी घोटणाऱ्यांनी जाळ मागं ओढला. निता बायकांच्या अगदी मागं, मांडवाच्या शेवटच्या खांबाला टेकून बसली होती. तिची पोरगी तिच्या मांडीवर. शेजारी कुणी बसलेलं नव्हतं.

अण्णा आले. "ओमा, आवाज जरा कमी कर." मी केला. कमी आवाजात बोललं की लोक पुढं सरकतात, ही त्यांची युक्ती मला ठाऊक होती. लोक सरकले.

"लालसिंग कमी बोलायचा," अण्णा म्हणाले. "दिवसभर तिफनीमागं संगं राहून मला 'हां' आनि 'चल' येवढंच मिळायचं. त्याचं एकच वाक्य मी आज आनलंय. ते तो मला बोलला न्हाई. बाजाराच्या दिवशी नाक्यावर बोलायचा. ओमाच्या दुकानाम्होरं बाकडं हाय, त्याच्यावर बसून. पिशवी पायाशी. रस्त्याकडं तोंड करून म्हनायचा,"

आणि ते थांबले. मी एवढी वर्षं ते थांबणं ऐकलं, पण एवढं लांब कधी वाटलं नव्हतं.

"'वाशिमची गाडी आली का रं?'"

कुणाला काही कळलं नाही. मग हळूहळू कळत गेलं, पुढून मागं. माना एकेक करून मागच्या खांबाकडं वळल्या.

"जानारी न्हाई, येनारी," अण्णा म्हणाले. "ओमा, खरं का?"

एवढ्या वर्षांत माझ्या माईकवर मी "हॅलो, माईक टेस्टिंग" सोडून एक शब्द बोललो नव्हतो. अण्णांनी माईक माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, "व्हय. दर बाजाराला." माझाच आवाज भोंग्यातून मला विचित्र ऐकू आला, फाटल्यासारखा.

निता उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती चिडली होती.

"मंग बोलावलं काहून न्हाई?" ती मागूनच ओरडली. "येवढी गाडी पाहत होते, तर एक फोन काहून केला न्हाई? कुलदीपजवळ निरोप काहून दिला न्हाई? मी आले असते! मी पहिल्या गाडीनं आले असते!"

इथं कुणीही काहीतरी गोड बोललं असतं. अभिमान आडवा आला, मनातून माफ केलं होतं, वगैरे. अण्णांनी माईक बाजूला केला आणि साध्या आवाजात म्हणाले,

"ते त्यानं सांगितलं न्हाई, बाई. जे सांगितलं न्हाई, ते मी त्याच्या नावावर कसं सांगू?"

आणि खाली बसले.

रूपाबाई पुढं बसल्या होत्या. त्या उठल्या, बायकांच्या पायांतून वाट काढत मागच्या खांबापर्यंत गेल्या आणि लेकीला धरून खाली बसवलं. म्हणाल्या, "मलाबी न्हाई सांगितलं, लेकरा. मी समजायची, बाजाराला जातात." मग दोघी रडल्या, त्यांच्या बोलीत एकमेकींना काहीतरी सांगत. तांड्यातल्या बायका सरकून सरकून त्यांच्याजवळ जमल्या. कुणीतरी निताची पोरगी उचलून कडेवर घेतली. पंगत फार उशिरा बसली, पण त्या दिवशी लापशी गार झाल्याची तक्रार कुणी केली नाही. मीसुद्धा नाही.

संध्याकाळी मी खांब ट्रॉलीत भरून नाक्यावर आलो तर निता गाडीची वाट बघत उभी होती आणि अण्णा तिच्याजवळ होते. गाडी आली. ती चढताना अण्णा म्हणाले, "बाजाराच्या दिवशी येत जा. बाकडं रिकामं हाय."

ती खिडकीपाशी बसली आणि गाडी गेली.

पुढच्या बाजाराला बाकड्यावर रूपाबाई येऊन बसल्या. पिशवी पायाशी. मला काही विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, "येऊन राहिली गाडी, मावशी. कानेगाव फाट्यावर असंल." असा कुठला फाटा त्या रस्त्यावर नाही, पण तोंडातून निघून गेलं. त्या हसल्या. गाडी आली, आणि निता लेकीचा हात धरून उतरली. तेव्हापासून ती येते. दर बाजाराला नाही जमत, ड्युटी असते, पण येते. मी ते बाकडं दोनदा रंगवलं आणि दुकान वाढवताना हलवू दिलं नाही.

आणि मग गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. झोपेतच गेले. त्यांच्या तेरवीचा मांडव मी टाकला. एवढी माणसं की कापड कमी पडलं. वाशिम, हिंगोली, कुरुंदा, कुठून कुठून लोक आले. तालुक्याहून वक्ते आले. पहिला उभा राहिला आणि म्हणाला, "एका थोर विचारवंतानं म्हटलंच आहे." मी आवाजाचं बटण हळूच खाली आणलं. तो माईकवर टिचक्या मारायला लागला. मी वायरीकडं बोट दाखवून मान हलवली. माणसानं धंद्यात एवढं तरी स्वातंत्र्य घ्यावं.

पण मग मांडव तसाच बसून राहिला. सगळ्यांना सवय होती. कुणीतरी उठेल आणि गेलेल्या माणसाचं एक वाक्य सांगेल. ते सांगणारा माणूसच गेला होता, आणि त्याचं वाक्य शोधायला कुणी निघालंच नव्हतं. आपण एवढी वर्षं ऐकलं आणि त्यांच्यासाठी एवढंही केलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं निता उठली. पुढं आली. तिला माईक धरायची सवय नव्हती, तिनं तो दोन्ही हातांनी धरला. मला म्हणाली, "ओमप्रकाशभाऊ, आवाज कमी करा." मी केला.

"माझ्या बाच्या तेरवीला मी अण्णावर लई रागावले होते," ती म्हणाली. "मला वाटलं, खोटं का होईना, चार शब्द गोड सांगायला ह्यांचं काय जात होतं? संध्याकाळी मी गाडीत चढून राहिले होते. अण्णा खाली उभे होते. म्हनाले,"

ती थांबली. अगदी तेवढंच थांबली.

"'बाजाराच्या दिवशी येत जा. बाकडं रिकामं हाय.'"

पुढच्या रांगेत रूपाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. निता माझ्याकडं वळली आणि माईक माझ्यापुढं धरला.

"भाऊ, तुमी होते तिथं. खरं का?"

"व्हय," मी म्हणालो.